शब्दखेळ आणि घरातील वाचनशिक्षण

प्रस्तावना

पहिलीच्या अखेरीस किंवा दुसरीच्या आरंभी अनेक घरांत एक प्रसंग घडतो. मूल पाठ्यपुस्तक उघडते आणि एक धडा घडाघडा वाचून दाखवते. घरातील मंडळी समाधान पावतात. मग कोणीतरी सहज त्याच पानावरील मधल्या ओळीतील एका शब्दावर बोट ठेवून विचारते, ‘हा शब्द कोणता?’ मूल गप्प होते. क्षणभराने ते ओळीच्या आरंभापासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येते, किंवा शेजारच्या चित्राकडे पाहून अंदाज बांधते. तेव्हा लक्षात येते की मूल धडा वाचत नव्हते, म्हणत होते.

या प्रसंगानंतर बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात. मुलाला रागे भरले जाते आणि बाराखडी पुन्हा लिहायला दिली जाते. वास्तविक बाराखडी त्याला पाठ असतेच. ‘क’पासून ‘कः’पर्यंत ते न अडखळता म्हणते. मात्र ‘ग ला दुसरी वेलांटी दिली तर काय होईल?’ असे मधूनच विचारले, तर ते ‘ग गा गि गी’ अशी संपूर्ण ओळ म्हणत तेथपर्यंत येते. पाठांतराला क्रम लागतो. वाचनात मात्र अक्षरे कोणत्याही क्रमाने समोर येतात.

विद्यार्थिमित्रहो, या अभ्यासक्रमात आपण मराठीचा वर्णविचार, लेखनविषयक नियम आणि बोलींचे स्वरूप अभ्यासतो. हे ज्ञान परीक्षेपुरते नाही. तुमच्यापैकी अनेकजण स्वतः पालक आहेत, काही अंगणवाडीत वा शाळेत काम करतात, काहींच्या घरी भाचरे-पुतणे आहेत. घरात पिढ्यान्‌पिढ्या खेळल्या जाणाऱ्या शब्दखेळांत वाचनाला नेमके काय साहाय्य होते आणि ते कोठे थांबते, हे वर्णविचाराच्या आधाराने या लेखात पाहावयाचे आहे.

ऐकू येणारा शब्द आणि दिसणारा शब्द

चार-पाच वर्षांचे मूल ‘घर’ हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारते. परंतु त्याचे लक्ष अर्थाकडे असते. शब्दाला स्वतःचे ध्वनी आहेत, तो तोडता येतो, त्यातील एखादा तुकडा बदलता येतो, याची त्याला कल्पना नसते. ही कल्पना येणे म्हणजेच ध्वनिजाणीव. ती अक्षरओळखीपूर्वी तोंडी तयार होऊ शकते आणि ती तयार असलेल्या मुलाला अक्षरओळख सोपी जाते.

याविषयी इंग्लंडमधील एक अभ्यास प्रसिद्ध आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी तो १९८३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडला. शब्दांतील ध्वनी ओळखण्यात मागे असलेली ६५ लहान मुले त्यांनी निवडली आणि त्यांचे चार गट केले. एका गटाला सारख्या ध्वनींचे शब्द ओळखण्याचा सराव दिला. दुसऱ्याला तोच सराव दिला, पण त्याच्या जोडीला प्लास्टिकची अक्षरे हाताळायला दिली. तिसऱ्या गटातील मुलांनी तेच शब्द अर्थानुसार गटांत लावले. चौथ्या गटाला कोणताही सराव नव्हता. दोन वर्षांनी वाचन व लेखनात सर्वांत पुढे गेला तो दुसरा गट, म्हणजे ज्यांनी ध्वनी ऐकले आणि त्याच वेळी अक्षरही हाताळले. नुसता ध्वनींचा सराव वाया गेला नाही, पण अक्षराची जोड मिळाल्यावर त्याचे वाचनात रूपांतर अधिक चांगले झाले. घरातील शब्दखेळांचा विचार करताना हा निष्कर्ष सतत ध्यानात ठेवावा लागतो.

मात्र इंग्रजीतील निष्कर्ष मराठीला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण दोन्ही लिपींची घडण वेगळी आहे. इंग्रजीत २६ चिन्हे आहेत आणि त्यांचे उच्चार बेभरवशाचे आहेत. देवनागरीत उच्चार बराचसा भरवशाचा, पण रूपे पुष्कळ. ३४ व्यंजने आणि बाराखडीतील १२ रूपे यांचा नुसता गुणाकार केला तरी ४०८ अक्षरे होतात. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ धरून चौदाखडी केली तर आणखी वाढतात, आणि जोडाक्षरे त्यात नाहीतच. सोनाली नाग यांनी अशाच घडणीच्या कन्नड लिपीचा अभ्यास करून २००७ मध्ये दाखवून दिले की हा अक्षरसंच आत्मसात होण्यास मुलांना पहिली-दुसरीच्या पलीकडेही वेळ लागतो. म्हणून ‘दुसरीत आला तरी वाचता येत नाही’ असे हताशपणे म्हणण्यापूर्वी या आकड्याकडे एकदा पाहावे.

आता मराठीतील एक विशेष अडचण पाहू. लहान मुलांना शब्द टाळ्यांनी तोडायला सांगण्याचा खेळ बालवाडीत सर्वत्र खेळला जातो. ‘बटाटा’ म्हटले की तीन टाळ्या. येथपर्यंत ठीक. ‘घर’ म्हटले की अक्षरओळख नसलेले मूल बहुधा एकच टाळी वाजवते, कारण ‘घर्’ हा शब्द एका झटक्यात उच्चारला जातो. शिकलेला मोठा माणूस म्हणतो, ‘चुकले, दोन अक्षरे आहेत, घ आणि र.’ ‘चमचा’ या शब्दाला मूल दोन टाळ्या वाजवते, चम्-चा. मोठ्या माणसाला तीन दिसतात. येथे चूक कोणाची? कानाने पाहिले तर मुलाचे बरोबर आहे. मोठ्या माणसाला लिहिलेला शब्द ऐकू येतो; त्याच्या मनात ‘र’ आणि ‘म’ यांच्यातील ‘अ’ लिपीमुळे शिल्लक राहिलेला असतो. बोलण्यात तो केव्हाच गळून गेला आहे.

हाच धागा पुढे लेखनातही दिसतो. मूल ‘भाक्री’, ‘चम्चा’ असे लिहिते, तेव्हा ते निष्काळजीपणे लिहीत नसते. ते फार नीट ऐकत असते. अशा मुलाला लाल शाईची फुली मिळाली, तर ‘आपण ऐकतो ते चुकीचे असते’ एवढेच ते शिकते आणि पुढे कानावर विसंबायचे सोडून देते. वाचनशिक्षणातील माझ्या मते हे सर्वांत मोठे नुकसान आहे. त्याऐवजी, ‘बोलताना आपण भाक्री म्हणतो, लिहिताना मात्र क पूर्ण लिहितात’ असे सांगितले, तर त्याचे ऐकणे शाबूत राहते आणि लेखनाची रीतही कळते.

शब्दांच्या भेंड्या

गाण्यांच्या भेंड्यांपेक्षा शब्दांच्या भेंड्या लहान मुलांसाठी अधिक उपयोगी असतात, कारण त्यांत गाणे आठवण्याचे ओझे नसते. एसटीत, शेतात खुरपणी चालू असताना, वीज गेलेल्या संध्याकाळी त्या साहित्याशिवाय खेळता येतात. नियम सर्वांना ठाऊक आहे: आधीच्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने पुढचा शब्द सुरू करायचा. पण या साध्या नियमात एक निवड दडलेली आहे आणि तीच खेळाची पातळी ठरवते.

‘रस्ता’ या शब्दानंतर पुढच्या खेळाडूने ‘ता’ने आरंभ करावयाचा की ‘त’ने? ‘तवा’ चालेल की ‘ताट’च हवे? पाच वर्षांच्या मुलाशी खेळताना व्यंजन जुळले की पुरे, असे ठरवावे. घर – रस्ता – तवा – वीट – टोपी – पाटी, असा खेळ वेगाने पुढे जातो. मुलाची अक्षरओळख झाली की मात्रेसह अक्षर जुळलेच पाहिजे, असा नियम करावा. मग रस्ता – ताट – टरबूज – जमीन – नदी – दीर, अशी साखळी हळूहळू वाढते आणि प्रत्येक शब्दाच्या टोकाशी मूल थांबून ऐकू लागते. एक सवलत मात्र द्यावी लागते. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार लेखनात दीर्घ असतो. ‘पाटी’नंतर ‘टी’नेच सुरू होणारे शब्द ‘टीप’, ‘टीका’ असे मोजकेच मिळतात. तेथे ‘टिकली’ मान्य करावी. मूल ‘पण ही टि वेगळी आहे’ अशी तक्रार करू लागले, तर ऱ्हस्व-दीर्घाचा धडा त्याने स्वतःच सुरू केला आहे असे समजावे.

भेंड्यांतला आणखी एक मौजेचा भाग म्हणजे ‘ळ’ आणि ‘ण’. कोणीतरी ‘कमळ’ म्हणते आणि खेळ अडतो. बहुतेक घरांत यावर तह झालेला असतो: ‘ळ’ आला तर ‘ल’ घ्यायचा, ‘ण’ आला तर ‘न’. हा तह मुलाला आयता सांगू नये. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द त्याला शोधू द्यावा. दोन दिवस ते शोधते, शेजारी विचारते, आजीला विचारते आणि अखेर असा शब्द मिळत नाही, हे त्याचे त्यालाच कळते. मराठी शब्दरचनेचा एक नियम त्याने शोधून काढलेला असतो. व्याकरणाच्या पुस्तकात तोच नियम एका ओळीत येतो आणि विसरलाही जातो.

‘च’ची भाषा

मोठ्यांना कळू नये म्हणून मुले आपसात एक सांकेतिक भाषा बोलतात. तिच्या रीती गावागणिक बदलतात. त्यांतील एक अशी: शब्दाच्या पहिल्या अक्षरातील व्यंजन काढून तेथे ‘च’ बसवायचा आणि काढलेले व्यंजन शब्दाच्या शेवटी ठेवायचे. ‘माझे नाव’ याचे ‘चाझेम चावन’ होते. ‘पाणी’ म्हणजे ‘चाणीप’, ‘केळी’ म्हणजे ‘चेळीक’, ‘गोटी’ म्हणजे ‘चोटीग’. ‘भाकरी’चे ‘चाकरीभ’ होते तेव्हा मुले हसून लोळतात.

हे वात्रटपणाचे बोलणे आहे असे समजून अनेक घरांत ते बंद केले जाते. पण त्यात काय घडते ते पाहावे. ‘माझे’चे ‘चाझेम’ करताना मूल ‘मा’ या अक्षराचे दोन भाग करते. ‘म’ उचलून मागे नेते आणि ‘आ’ जागेवर ठेवून त्याला ‘च’ जोडते. म्हणजे व्यंजन आणि स्वर वेगळे आहेत, हे त्याच्या जिभेला कळलेले असते. देवनागरी वाचताना हीच पायरी अवघड असते, कारण डोळ्यांना ‘मा’ हे एकच चित्र दिसते. काना हे स्वराचे चिन्ह असून ते कोणत्याही व्यंजनाला लागू शकते, हे ज्याला कळले त्याला बाराखडीच्या चौतीस ओळी वेगवेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत; एकीवरून बाकीच्या करता येतात.

या भाषेत ‘आई’ हा शब्द मोठा अडचणीचा आहे. तेथे मागे न्यायला व्यंजनच नाही. मुले येथे हमखास भांडतात. भांडू द्यावे. स्वराने सुरू होणारे शब्द ही वेगळी जात आहे, हे त्या भांडणातून निघते. ‘प्रकाश’मधील ‘प’ मागे न्यायचा की ‘प्र’, हाही असाच वाद आहे आणि त्याचे एकच उत्तर नाही.

सात-आठ वर्षांची मुले ही भाषा सहज उचलतात, पाचव्या वर्षी ती बहुधा जमत नाही. जमत नसेल तर आग्रह धरू नये.

ओट्यापासून कागदापर्यंत

आतापर्यंतचे खेळ कानाचे होते. येथून पुढे कागद लागतो, आणि बहुतेक घरांत खेळ नेमके येथेच थांबतात. भेंड्यांत हुशार असलेले मूल वाचनात मागे राहते, ते यामुळेच: खेळ एका बाजूला आणि पुस्तक दुसऱ्या बाजूला, मध्ये पूल नाही.

पूल बांधण्यासाठी खर्च लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांची मागची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या कराव्यात. एका चिठ्ठीवर एकच अक्षर, मात्रेसह, ठळक लिहावे. ताटात रवा किंवा रांगोळी पसरून बोटाने अक्षर गिरवता येते. पूर्वीच्या शाळांतील धूळपाटी याहून निराळी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून बालशिक्षण उभे केले, ते घरातील खेळांसाठीही मार्गदर्शक ठरते.

पहिला खेळ उलट्या शब्दांचा. स्वयंपाक चालू असताना ‘रवा’ हा शब्द घ्यावा आणि ‘उलटा केला तर काय होईल?’ असे विचारावे. उत्तर येते ‘वार’. ‘तवा’ उलटला की ‘वात’, ‘मका’ उलटला की ‘काम’, ‘नदी’ उलटली की ‘दीन’. तोंडी विचारले असता काही मुले ‘तवा’चे ‘वता’ करतात. म्हणजे व्यंजने फिरतात, पण काना शब्दाच्या शेवटीच राहतो. आता ‘त’ आणि ‘वा’ या दोन चिठ्ठ्या हातात द्याव्यात आणि जागा बदलायला सांगावे. काना ‘व’बरोबर चालत जातो, हे डोळ्यांना दिसते. समजावून सांगण्याची गरज उरत नाही. याच खेळात पुढे ‘नवीन’ हा शब्द द्यावा. चिठ्ठ्या उलट्या लावल्या तरी शब्द तोच राहतो. ‘कडक’, ‘नमन’, ‘सरस’ असेच. अशा शब्दांचा शोध सुरू झाला की मूल दुकानांच्या पाट्या आणि बिस्किटाच्या पुड्यावरील मजकूर वाचू लागते. तेथे त्याला कोणी वाचायला सांगितलेले नसते.

दुसरा खेळ अक्षर गाळण्याचा. मराठीत ‘उखाणा’ या शब्दाचा एक जुना अर्थ कोडे असाही आहे आणि तीन अक्षरांची कोडी घालण्याची रीत परिचित आहे. उदाहरणार्थ असे कोडे घालता येईल: तीन अक्षरांचा मी, माझ्यात पाणीच पाणी, शेवटचे अक्षर गाळा तर लाकूड, मधले गाळा तर भातावर घ्यायचा पातळ पदार्थ, पहिले गाळा तर फळाच्या आतला भाग. उत्तर ‘सागर’: साग, सार, गर. ‘नगर’ या शब्दातून ‘नग’, ‘नर’ आणि ‘गर’ मिळतात. अशी कोडी मुलांनी स्वतः तयार करावीत, हे सोडवण्याहून अधिक मोलाचे. कोडे तयार करताना ते दहा शब्द तपासून टाकून देतात, म्हणजे दहा शब्द वाचतात.

तिसरा खेळ शब्दांच्या शिडीचा. ल्युइस कॅरल याने इंग्रजीत असा खेळ रचून १८७९ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ या साप्ताहिकातून वाचकांपुढे ठेवला होता. एका शब्दापासून दुसऱ्यापर्यंत जायचे, प्रत्येक पायरीवर एकच अक्षर बदलायचे आणि प्रत्येक पायरीवर अर्थपूर्ण शब्दच हवा. मराठीत ‘ताट’पासून ‘भात’पर्यंत असे जाता येते: ताट, ताक, नाक, नाग, भाग, भात. मराठीत या शिडीचा आणखी एक प्रकार होतो, जो इंग्रजीत नाही. व्यंजने तीच ठेवून केवळ पहिल्या अक्षराचा स्वर बदलायचा. पर, पार, पीर, पूर, पेर, पोर. किंवा तर, तार, तीर, तूर. मात्रांची चिन्हे छोट्या पारदर्शक कागदावर काढून ‘पर’ या शब्दावर एकेक ठेवत गेल्यास मुलाला बाराखडीचा हेतू कळतो. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, ही गोष्ट अनेक मुलांना बराच काळ छळते. कागद हाताने सरकवताना ती स्पष्ट होते.

मोठ्या मुलांसाठी येथे शुद्धलेखनाची वाटही आहे. ‘पूर’, ‘वीट’, ‘मूल’ या अकारान्त शब्दांत शेवटून दुसरे अक्षर दीर्घ असते. पण ‘पुरात’, ‘विटा’, ‘मुलाला’ असे रूप झाले की ते ऱ्हस्व होते. हा नियम आपण व्याकरणात शिकतो. चिठ्ठ्यांच्या खेळात ‘पूर’ला ‘त’ जोडायला सांगितले की चिठ्ठी बदलावी लागते, इतकेच.

जोडाक्षरांविषयी थोडक्यात. त्यांची घाई करू नये. ‘र’ची रूपे मात्र खेळातूनच शिकवावीत, कारण ती एकमेकांसारखी दिसत नाहीत: सूर्य, चक्र, ट्रक, तऱ्हा. घरातील वर्तमानपत्राच्या एका पानावर चारही रूपे शोधून वेगवेगळ्या रंगांनी गोल करणे, हा पाऊण तासाचा उत्तम उद्योग आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग, ही जोडी दाखवली की रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतील भेद अर्थासह लक्षात राहतो.

घरची बोली

शब्दखेळ घरी खेळले जातात, म्हणून त्यांत घरची बोली येणारच. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘काळा’चा ‘काया’. अनेक घरांत ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतात. भेंड्यांत ‘णी’ आला की ‘नी’, हे शिकलेल्या पालकाला टोचते आणि तो खेळ थांबवून उच्चार सुधारतो. दोन-तीनदा असे झाले की मूल खेळायचे सोडते. आजीही खेळायची सोडते, कारण ती त्याच बोलीत बोलते. घरातील सर्वांत मोठा शब्दसाठा बहुधा तिच्याकडेच असतो.

तोंडी खेळात बोलीतील शब्द आणि उच्चार निःसंकोच मान्य करावेत. तोच शब्द चिठ्ठीवर लिहिताना, ‘आपण डोया म्हणतो, पुस्तकात डोळा लिहितात’ असे एकदा सांगावे. मूल दोन्ही रूपे ठेवून घेते. मुलांना यात अडचण वाटत नाही, ती मोठ्यांना वाटते. प्रमाण मराठीतही लेखन आणि उच्चार सर्वत्र जुळतात असे नाही. ‘चिंच’ या शब्दातील पहिला आणि दुसरा ‘च’ सावकाश उच्चारून पाहावेत. चिन्ह एकच आहे, ध्वनी दोन. ‘च’ने सुरू होणारे शब्द गोळा करताना मुलाने ‘चाक’ आणि ‘चिमणी’ वेगळे ठेवले, तर ते का ठेवले हे विचारल्याशिवाय दुरुस्त करू नये.

खेळणाऱ्या मोठ्यांविषयी

खेळ दहा-पंधरा मिनिटांपेक्षा लांबवू नये आणि मूल कंटाळण्यापूर्वी थांबवावा. दोन भावंडांत मोठे नेहमी जिंकत असेल, तर त्यांना एका बाजूला घेऊन आपण विरुद्ध बाजूने खेळावे. मोठ्यांनी अधूनमधून खरोखर अडावे. अडल्याचे सोंग मुले ओळखतात. खेळ परीक्षेत बदलला की त्याचा उपयोग संपतो. ‘सांग पाहू, यात कोणती मात्रा आहे?’ हा प्रश्न खेळाच्या सुरात विचारला तरी मुलाला तो परीक्षेचाच वाटतो.

शब्दखेळांची मर्यादाही सांगणे आवश्यक आहे. त्यांतून शब्द वाचता येऊ लागतो, परिच्छेद समजू लागतो असे नाही. आकलनासाठी गोष्टी ऐकाव्या लागतात, त्यांवर बोलावे लागते आणि पुस्तके हाताशी असावी लागतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. तसे मासिक घरात असल्यास कोड्यांपासून कथांकडे मूल स्वतःहून वळू शकते. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाला अनेक महिने खेळूनही यमक जुळवता येत नसेल, सारखे ध्वनी ओळखता येत नसतील, किंवा अक्षरे सतत पुसट दिसतात अशी त्याची तक्रार असेल, तर आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत व शिक्षकांशी बोलावे. अशा मुलाला आळशी म्हणणे हा अन्याय आहे.

प्रगती पाहावयाची असल्यास ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होत असलेल्या ‘असर’ पाहणीची रीत घरीही वापरता येते. त्या पाहणीत कार्यकर्ते मुलाच्या घरी जाऊन एकेका मुलाला वेगळे बसवतात आणि अक्षरे, शब्द, सोपा परिच्छेद व छोटी गोष्ट यांपैकी काय वाचता येते ते पाहतात. मजकूर मुलाने पूर्वी पाहिलेला नसतो. आरंभी सांगितलेल्या प्रसंगातील घोटाळा यामुळे टळतो.

स्वाध्याय

आपल्या घरातील किंवा शेजारच्या ५ ते ८ वर्षे वयाच्या एका मुलाबरोबर सात दिवस रोज दहा मिनिटे शब्दखेळ खेळा. पहिले तीन दिवस केवळ तोंडी खेळ घ्या, पुढील चार दिवस तोच खेळ चिठ्ठ्यांवर न्या. मुलाने टाळ्यांनी तोडलेले शब्द, त्याने दिलेली अनपेक्षित उत्तरे आणि त्याने स्वतःहून लिहिलेले शब्द जसेच्या तसे नोंदवा. त्यांत दुरुस्ती करू नका. आठव्या दिवशी त्या नोंदींतील किमान पाच तथाकथित चुका निवडा आणि प्रत्येक चुकीमागे मुलाने काय ऐकले असावे, हे वर्णविचाराच्या आधारे तीन-चार वाक्यांत लिहा. मूल घरात कोणती बोली ऐकते, याचा उल्लेख नोंदीच्या आरंभी करावा.